पाडव्याची टोपी

“बसलाव परत?”

सरस्वतीनं रिकामं घमेलं वाळूच्या ढिगावर टाकलं आणि कमरेवर हात ठेवून ती नवऱ्यापुढे उभी राहिली. त्यांच्या घरावर स्लॅब पडत होता. मिक्सर घरघरत होता, फळ्यांच्या उतरणीवर बाया-बाप्यांची रांग लागली होती आणि मालाची घमेली हातोहात वर चढत होती. घणसोली गावात कुणाचा स्लॅब असला की भावकीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस यायचाच. मजुरी कुणी घ्यायची नाही, दुपारी मटण-भाकरी जेवायची आणि आपल्या घराच्या वेळी यांना हक्कानं बोलवायचं, असा रिवाज. त्या मे महिन्यातल्या रविवारी सगळी भावकी घामाघूम होऊन राबत होती, आणि ज्याचं घर तो गोटीराम मात्र शेवग्याखाली विटांच्या चवडीवर बसला होता. एक हात छातीवर, डोक्यावर कंपनीची मळकी पांढरी टोपी.

“जरा दम घेतंव,” तो म्हणाला. “छातीत धरलाय.”

आता हे बाईनं त्याच्या कानाशी बोलून मिटवायला हवं होतं. पण सरस्वतीचा आवाज मुळातच बांधावरून खाडीपर्यंत जाणारा, आणि जीभ तर काय, उचलली की टाळ्याला लावली. शिवाय त्या दिवशी तिला खरोखरच लाज वाटत होती. लोकांनी आपलं घर उभं करायचं आणि घरधन्यानं सावलीत बसायचं, हे तिला सहन होईना.

“सोमवार ते शनवार कंपनीत डरम उचलतात, तवा छाती दुखत नाय,” ती म्हणाली. “आयतवार आयला, सुट्टी आयली, का दुखाया लागते. मी काय आंदली हाय? बरोबर ध्यान हाय माजा. ही छाती क्यालेंडर बगून दुखते.”

रांगेतले लोक हसले. लोकांना हसायला काहीतरी हवंच असतं, आणि इतक्या उन्हात तर हवंच हवं. गोटीरामचा चुलतभाऊ पोपट, जो आता गावात कंत्राटं घेत होता आणि ज्याचा मिक्सर आणला होता, तो वरून ओरडला, “आमचे आयतवारशेट हायेत ते, वैनी. बसू द्या त्यांना.” पुन्हा हशा झाला. गोटीरामही ओशाळं हसला, उठला, घमेलं घेऊन रांगेत उभा राहिला आणि स्लॅब पुरा होईपर्यंत खाली बसला नाही. संध्याकाळी त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सगळ्यांना वाटलं, सिमेंट बसलंय.

त्या दिवसापासून गावात त्याचं नाव आयतवारशेट पडलं.

सरस्वती वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिनं स्वतःला जितकं वाईट म्हटलं तितकं दुसऱ्या कुणी म्हटलं नाही. लहानपणी आईबरोबर मिठागरात राबलेली, लग्नानंतर सासरच्या भातशेतीत राबलेली, आणि ती शेती सरकारनं शहरासाठी घेतल्यावर अंगणातल्या चार भाज्यांवर राबलेली बाई. कामाला नाही म्हणणं हे तिच्या लेखी चोरीइतकं वाईट. तिच्या घरातली भांडी गावात नावाजलेली होती. नवीन सून आली की सासवा तिला म्हणायच्या, सरस्वतीची ओटी बघून ये.

गोटीराम महाप्याच्या एका कंपनीत होता. तिथे हृदयाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचं औषध तयार व्हायचं. गोळ्या दुसऱ्या कारखान्यात बनायच्या. इथे नुसती पांढरी पूड. ती दळायची, साखरेच्या पुडीत मिसळायची आणि ड्रममध्ये भरायची, हे त्याचं काम. हातमोजे असायचे, तोंडाला फडकं असायचं, पण पूड ती पूड. भुवयांवर बसायची, कॉलरीत शिरायची, टोपीच्या शिवणीत मुरायची.

त्या खात्यातल्या माणसांना एक गंमत ठाऊक होती. सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या दिवशी डोकं ठणकायचं, अगदी भिंतीवर आपटावंसं वाटेपर्यंत. मंगळवारी सगळं ठीक. मग पुन्हा पुढच्या सोमवारी तेच. निवृत्त होता होता एका जुन्या कामगारानं गोटीरामला उपाय सांगितला होता. शनिवारी टोपी घरी न्यायची, धुवायची नाही आणि सुट्टीच्या दिवशीही डोक्यावर ठेवायची. मग सोमवारी डोकं उठत नाही. गोटीरामनं करून पाहिलं आणि खरंच डोकं उठलं नाही. पण त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. टोपी घातली की रविवारी छातीतला ताणही कमी व्हायचा. पार जायचा नाही, पण सैल पडायचा.

हे त्यानं घरी सांगितलं नाही. कंपनीतून काही बाहेर न्यायला बंदी होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्याला ते व्यसनासारखं वाटायचं. दारू नाही, तंबाखू नाही, आणि या वयात टोपीचा वास घेतल्याशिवाय चैन पडत नाही, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? नवरा-बायको दोघंही आपापल्या जागी लाजत होती आणि कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं.

सरस्वतीला एवढंच दिसायचं, की हा माणूस रविवारीसुद्धा ती कळकट टोपी डोक्यावरून काढत नाही. पाहुणे आले तरी नाही. तिनं कितीदा हात पुढे केला, पण तो आपला म्हणायचा, “असू दे. उद्या परत मळंलच.”

त्या वर्षी दिवाळीला कंपनीनं मशिनरीच्या दुरुस्तीसाठी नेहमीपेक्षा लांब सुट्टी दिली. नव्या घरातली पहिली दिवाळी. सरस्वतीनं घराचा कोपरा न् कोपरा घासला. गोधड्या, पडदे, पायपुसणी, सगळं धुवायला काढलं आणि त्या ढिगात खुंटीवरची टोपीही गेली. ती काही चुकून गेली नाही. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं म्हणजे त्याच्या डोक्यावर टोपी हवी; उघड्या डोक्याच्या माणसाला ओवाळत नाहीत. गोटीरामकडे दुसरी टोपी नव्हती. तेव्हा तिनं ती उकळत्या पाण्यात टाकली, सोडा टाकला, ब्रशनं शिवणी घासल्या, निळीत बुडवली. कंपनीतून आल्यापासून ती इतकी पांढरी कधीच झाली नव्हती.

गोटीराम दुपारी झोपेतून उठला, तर खुंटी रिकामी. तो परसदारी गेला. सरस्वती चुलीपाशी चकल्या तळत होती आणि तिथून तिला तो दिसत होता. तो दोरीखाली उभा राहिला, ओली टोपी त्यानं काढून घेतली आणि दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरली. खूप वेळ तसाच उभा राहिला.

तिला हसू आलं, आणि थोडा रागही.

“कंपनीची येवरी आठवन येते तर तितंच जाऊन रवा,” ती म्हणाली.

त्यानं टोपी पुन्हा दोरीवर घातली. चिमटाही लावला. “नाय, बरा केलास,” तो म्हणाला. “दिवाली हाय. साफसफाई तं व्हायालाच पायजे.”

पाडव्याच्या सकाळी तो म्हणाला की आज जरा बरं वाटत नाही. तिनं ओवा चावायला दिला. आज तर काय, सगळ्या आयतवारांचा बाप, असंही म्हणाली, पण सणाचा दिवस म्हणून हळू म्हणाली. मग पाट मांडला, रांगोळी घातली. गोटीरामची थोरली बहीण चांगुणाबाई, जी विधवा होऊन शेजारच्याच घरात राहत होती, ती आली होती. पोपट सहकुटुंब आला होता. मुलगी सोनल, वाशीला कॉलेजात शिकणारी, कॅमेरा घेऊन उभी होती. सरस्वतीनं त्या बगळ्यासारख्या पांढऱ्या टोपीला आदल्या रात्री तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. ती तिनं स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि तबक उचललं.

गोटीराम पाटावरून पुढे झुकला. तिला वाटलं, पाया पडायची थट्टा करतोय. मग टोपी रांगोळीत पडली आणि त्याच्या मागोमाग तोही.

तेव्हा तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, तर, “उठा. लोका बगतान.”

पुढे कितीतरी रात्री, डोळा लागता लागता, हेच शब्द तिच्या कानात यायचे आणि ती उठून बसायची.

पोपटानं जीप काढली. वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक होता. आत नेलं, नळ्या लावल्या, दार बंद झालं. पोपट बाहेर फेऱ्या घालत राहिला. आयतवारशेट हा शब्द त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून कधी आला नाही. चांगुणाबाई एकवीरेला नवस बोलली. सरस्वती बाकड्यावर बसून राहिली. तिच्या हाताला अजून कुंकू होतं.

संध्याकाळी तिथली डॉक्टरीण बाहेर आली. डॉक्टर तस्नीम, उरणकडची, तरुण पण बोलायला शांत. जीव वाचला होता. हृदयाचा एक भाग दुखावला होता, किडनीवरही थोडा ताण आला होता, पण तो उतरेल असं तिचं म्हणणं होतं. मग तिनं बाकड्यावरच सरस्वतीशेजारी बसून विचारपूस सुरू केली. आधी कधी छातीत दुखायचं का, जिना चढताना, काम करताना, जेवल्यावर?

सरस्वती हातावरचं कुंकू पुसत राहिली. सोनल म्हणाली, “आई, सांग ना. तूच नेहमी म्हणायचीस ना, फक्त सुट्टीच्या दिवशी दुखतं म्हणून.”

पोरीच्या मनात काही वावगं नव्हतं. पण सरस्वतीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मान खाली घालून तिनं सांगितलं. आठवडाभर जड ड्रम उचलायचे, काही व्हायचं नाही. रविवारी दुखायचं. सणाची सुट्टी असली तर जास्त दुखायचं. सोमवारी डोकं दुखायचं, मंगळवारपासून बरं.

डॉक्टरिणीचं लिहिणं थांबलं. “कुठल्या कंपनीत आहेत? काय बनतं तिथे?”

सोनलनं सांगितलं. मग डॉक्टरिणीनं समजावलं, अगदी सोप्या शब्दांत. ते औषध अंगात गेलं की त्यातून एक वायू सुटतो. अगदी थोडासा, दिसत नाही, कळत नाही. तो वायू रक्ताच्या नसांना निरोप देतो, सैल व्हा. नस सैल झाली की हृदयाला रक्त मिळतं आणि दुखणं थांबतं. किडनीच्या नसांनाही तोच वायू सैल ठेवतो. माणसाच्या अंगात तो आपोआपही तयार होत असतो, आणि हे ज्यांनी शोधून काढलं त्यांना याच महिन्यात जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालंय, पेपरात आलं होतं. गोटीरामच्या नसा आधीच अरुंद झाल्या होत्या. आठवडाभर कंपनीतली पूड अंगात जायची, म्हणून त्या कशाबशा उघड्या राहायच्या. सुट्टी आली की पूड बंद, आणि सवय लागलेल्या नसा जास्तच आवळायच्या.

“म्हणजे ते नाटक नव्हता,” सरस्वती हळूच म्हणाली.

डॉक्टरिणीला ते नीट ऐकू गेलं नसावं. ती म्हणाली, “ताई, नवऱ्याकडे इतकं बारीक लक्ष फार कमी जणींचं असतं. तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्ही त्यांना बरं करून परत त्याच खात्यात पाठवलं असतं. तुमच्यामुळे कळलं.”

चांगुणाबाईनं डोळे पुसले आणि भावजयीच्या पाठीवर हात ठेवला. सरस्वतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं लक्ष होतं, हे खरंच होतं. सगळं तिला दिसलं होतं, वारासकट दिसलं होतं. आणि त्याचं तिनं काय केलं, तर भर स्लॅबवर लोकांना हसवलं.

तिला वाटलं, यापेक्षा डॉक्टरिणीनं चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोटीराम बोलायला लागल्यावर त्यानं स्वतःहून टोपीची गोष्ट डॉक्टरिणीला सांगितली. जरा लाजतच सांगितली. ती हसली. म्हणाली, परदेशात सुरुंगाची दारू बनवणारे कामगारही असंच करायचे, त्या दारूतही हेच असायचं. मग तिनं विचारलं, “मग या सुट्टीत टोपी नव्हती का?”

सरस्वती पायथ्याशी उभी होती. तिच्या हातात मोसंबं होतं. ती सोलायची थांबली.

गोटीरामनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग डॉक्टरिणीकडे मान वळवून म्हणाला, “कंपनीतच इसरलो मी. दिवालीच्या गडबडीत.”

“टोपीवर काही अवलंबून नव्हतं,” डॉक्टरीण म्हणाली. “नस बंद व्हायच्या बेतातच होती. आज नाही तर उद्या हे होणारच होतं.”

हे ऐकून दुसऱ्या कुणाचा जीव हलका झाला असता. सरस्वतीचा झाला नाही. कारण पाटावर कोसळण्याआधी त्याच्या डोक्यावर ती टोपी होती आणि ती कुणाच्या हातानं धुतली, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. तिला बोलायचं होतं. तिनं मोसंबं सोललं आणि एक एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स. डॉक्टरिणीनं रोजच्या गोळ्या दिल्या आणि वर एक छोटी तपकिरी काचेची बाटली दिली. छातीत धरलं की त्यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. “आमचाच माल,” गोटीराम येईल त्याला ती बाटली दाखवायचा. “इतकी वरसा फुकट खाल्ला, आता इकत घेतंव.”

गावात गोष्ट पसरली, आणि गाव गोष्ट पसरवताना तिला तूप-साखर लावतंच. सरस्वतीनं नवऱ्याचं दुखणं ओळखलं. डॉक्टरांना नाही कळलं ते हिला कळलं. चांगुणाबाई तर नळावर, लग्नात, हळदीत, जिथे तिथे सांगायची की आमची वैनी डोळ्यात तेल घालून बसली म्हणून माझा भाऊ वाचला. बाया सरस्वतीकडे यायच्या, आपल्या नवऱ्याचं छातीत दुखणं सांगायच्या, तुला काय वाटतं विचारायच्या. ती म्हणायची, “मना काय कलतंय? डाक्टरला दाखवा.” त्या म्हणायच्या, बघा, किती साधी आहे. चोराला साव म्हटलं की त्याला चोरीपेक्षा ते नाव जड होतं, तसं तिचं झालं. ती नळावर उशिरा जायला लागली, बाया पांगल्यावर.

पण याहून जिव्हारी लागणारी गोष्ट घरातच होती, आणि ती फार लहान होती.

गोटीराम ती बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. रात्री उशीखाली. सदरा धुवायला टाकायच्या आधी तो खिसा चाचपायचा, बाटली काढून घ्यायचा, मग सदरा तिच्या हातात द्यायचा. कधीकधी सदरा बादलीत पडलेला असला तर घाईघाईनं येऊन परत खिसा तपासायचा, बाटली त्याच्या मुठीत असली तरी. सवय, दुसरं काय. पण प्रत्येक वेळी सरस्वतीला टोपी आठवायची. तिनं एकदा हात पुढे केला, “आना, मी ठेवतंव कपाटात, नीट ऱ्हायेल.” तो म्हणाला, “असू दे. माज्याजवलच बरी.” टोपीच्या वेळी म्हणायचा तसंच म्हणाला, असू दे. त्यानंतर तिनं हात पुढे केला नाही. संसारात इतकी वर्षं त्याचं सगळं तिच्या हातात होतं, भाकरीपासून सदऱ्याच्या बटणापर्यंत. आता त्याचा जीव ज्यात होता तेवढी एक गोष्ट तो तिच्या हातात देत नव्हता, आणि त्याचं चुकत होतं असं तिला एकदाही म्हणता आलं नाही.

टोपी तिनं पेटीच्या तळाशी ठेवली होती. फेकवली नाही.

वर्ष फिरून दिवाळी आली. पाडवा आला. यंदा ओवाळायला भावकीतली जास्तच माणसं जमली, कारण मागच्या पाडव्याला गोटीराम गेलाच होता आणि परत आला होता. पोपट नव्या पाहुण्यांना घेऊन आला होता, त्याच्या मुलीचं ठरलं होतं ती मंडळी. पाट मांडला. गोटीराम बसला आणि डोकं चाचपत म्हणाला, “टोपी?”

सोनल टॉवेल आणायला निघाली होती. सरस्वतीनं तिला थांबवलं. पेटी उघडली, तळातून टोपी काढली आणि आणून त्याच्या पुढ्यात धरली. यंदा स्वतः घातली नाही. त्यानं ती घेतली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

तिनं तबक उचललं. चांगुणाबाई पाहुण्यांना सांगत होती, “हीच ती आमची वैनी. हिनंच वलखला बगा. आयतवारीच दुखते, सुट्टीलाच दुखते, बरोबर ध्यानात ठेवला. डाक्टरीन बोलली, अशी बायको मिलायला—”

“वन्सं, बास करा,” सरस्वती म्हणाली.

चांगुणाबाईला वाटलं, लाजली. ती हसून पुढे बोलणार होती.

“मी वलखला नाय,” सरस्वती म्हणाली. तिचा आवाज खाडीपर्यंत जाणारा, पण आज तो ओटीच्या बाहेरही गेला नसेल. “मी त्यांना कामचोर बोल्ली. स्लॅबला तुमी समदी व्हताव. समद्यांनी ऐकला. ते आयतवारशेट नाव पोपटभावोजींनी नाय ठेवला, मीच ठेवला. आन ही टोपी. हे कंपनीत इसरले नव्हते. घरात खुंटीवर व्हती. त्यांची दवा व्हती तिच्यात, आन ती मी सोड्यात उकलली. त्यांना ठाव हाय. वरीस झाला, एका शब्दान् बोलले नाय.”

पोपट खाली बघत होता. चांगुणाबाईचा हात तोंडाकडे गेला तो तिथेच राहिला. पाहुण्यांना काही कळलं नसावं, पण ते उगाचच सावरून बसले. सरस्वतीच्या हातातल्या तबकात निरांजनाची वात फरफरत होती. सगळ्यांदेखत आपण काय करून बसलो, हे तिच्या लक्षात आलं, पण मागे घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गोटीराम तिच्याकडे बघत होता, हॉस्पिटलात बघितलं होतं तसाच.

“दिवा इजंल,” तो म्हणाला. “ओवाल.”

तिनं कुंकू लावलं. ते जरा तिरकं लागलं. अक्षता लावल्या. ओवाळलं. मग ती वाकून उभी राहिली, कारण पाडव्याला नवऱ्यानं तबकात काहीतरी घालायचं असतं आणि सगळे त्याचीच वाट बघत होते. वडिलांनी तबकात घालावी म्हणून सोनलनं आणून ठेवलेली नवी साडी मागच्या खोलीत होती. ती आणायला सोनल वळली.

गोटीरामनं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ती छोटी तपकिरी बाटली काढली. झाकण घट्ट आहे की नाही ते त्यानं एकदा पिळून पाहिलं, आणि बाटली तबकात निरांजनाशेजारी ठेवली.

“ऊब नको लागाया,” तो म्हणाला. “जरा लांब धर.”

सरस्वतीनं तबक खाली ठेवलं. बाटली उचलली आणि पदराच्या टोकात घालून गाठ मारली. मग दुसरी गाठ मारली. तबकातलं निरांजन तसंच जळत होतं आणि सोनल साडी घेऊन दारात उभी राहिली होती.

“मितेशच्या सासऱ्यांना चहा देतेस ना?” गोटीराम पाहुण्यांकडे बघत म्हणाला. पोपटाच्या होणाऱ्या जावयाचं नाव मितेश होतं, आणि पाहुणे त्याचे आईवडील होते. गोटीरामनं नातं उलटंच लावलं होतं. पण कुणी चूक काढली नाही. सरस्वती चहा टाकायला आत गेली. चालताना पदराची गाठ तिनं मुठीत धरली होती, आणि ओटीवर गोटीराम टोपी घालून तसाच पाटावर बसून राहिला.